मोबदला घेतला, कलावंतपण विकलं नाही

स्वतंत्रपणे गेम करणाऱ्यांमध्ये एक युक्तिवाद आता इतका रुळला आहे, की त्याला कुणी हटकतही नाही. तो असा: मोठ्या कंपनीची नोकरी सोडून, पदरची पुंजी घालून जो गेम करतो तो निर्माता. कल्पना त्याची, जोखीम त्याची, म्हणून सर्जनाचं स्वातंत्र्यही त्याचंच. पैसे देऊन ज्याच्याकडून चित्रं करून घेतली तो कामापुरता आलेला माणूस. त्यानं सांगितलं ते काढावं, पैसे घ्यावेत आणि बाजूला व्हावं. त्याला स्वतःचं काही म्हणायचं असेल तर त्यानं स्वतःचा गेम करावा.

मी कंत्राटावर चित्रं काढते. पात्रं, इमारती, जंगलं, हत्यारं, बटणं, सगळं काढते आणि त्यावरच माझं घर चालतं. स्वतंत्र निर्मात्यांबरोबर काम करायला मला आवडतं; माझी सगळ्यात चांगली कामं त्यांच्यासाठीच झाली आहेत. तरीही हा युक्तिवाद मला साफ नामंजूर आहे. गेमच्या इतिहासाला तो धरून नाही, कायद्याची एकच बाजू तो सांगतो, आणि ज्या स्वातंत्र्याच्या नावानं तो केला जातो त्याच्याच मुळावर येतो.

आधी इतिहास पाहू. १९७९ साली अमेरिकेत घरगुती व्हिडिओ गेमच्या बाजारात अटारी कंपनीचा दबदबा होता. तिथे एकच प्रोग्रॅमर अख्खा गेम करायचा: नियम त्याचे, चित्रं त्याची, आवाजही त्याचेच. डब्यावर मात्र त्याचं नाव नसायचं आणि विक्रीत वाटाही नसायचा. डेव्हिड क्रेन, लॅरी कॅपलन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी नाव आणि वाटा मागितला. कंपनीनं दाद दिली नाही. ते बाहेर पडले आणि ॲक्टिव्हिजन उभी राहिली. दुसऱ्या कंपनीच्या यंत्रासाठी स्वतंत्रपणे गेम करून विकणारी ती पहिली कंपनी. तिनं गेमच्या डब्यावर करणाऱ्याचं नाव छापलं, आणि १९८२चा ‘पिटफॉल’ लोकांनी डेव्हिड क्रेनचा गेम म्हणून घरी नेला. अटारीतच वॉरन रॉबिनेटनं ‘ॲडव्हेंचर’ या गेममध्ये एक गुप्त खोली ठेवली आणि त्या खोलीत स्वतःचं नाव लिहून ठेवलं. कंपनीला त्याचा पत्ता लागला तोवर गेम बाजारात गेलेला होता.

आज ज्यांना आपण स्वतंत्र निर्मात्यांचे पूर्वज मानतो, ते सगळे पगारी होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: पगार घेतला म्हणून आमचं नाव पुसायचा अधिकार तुम्हाला मिळत नाही. स्वतंत्र गेमनिर्मितीचा पायाच या भांडणावर रचला गेला आहे. त्याच परंपरेचं नाव घेऊन आजचा निर्माता जेव्हा चित्रकाराला सांगतो, की पैसे मिळाले ना, मग नाव कशाला, तेव्हा तो अटारीच्या खुर्चीत जाऊन बसलेला असतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: स्वतंत्र गेम हा एका माणसाच्या दृष्टीतून येतो, तिथे वाटेकरी नसतात. उदाहरण हमखास ‘स्टारड्यू व्हॅली’चं. एरिक बरोननं चार वर्षांहून अधिक काळ एकट्यानं कोड लिहिला, प्रत्येक चित्र काढलं, संगीत केलं, आणि २०१६मध्ये तो गेम बाजारात आणला. ती गोष्ट खरी आहे आणि आदरानंच सांगायला हवी. पण तिच्यातून निघतं ते एवढंच, की ज्यानं सगळं केलं त्याला सगळ्याचं श्रेय मिळावं. दुसऱ्याकडून करून घेतलेल्या कामाचं श्रेय एकट्यानं घ्यावं, हे त्यातून कसं निघतं?

स्वतंत्र गेमच्या इतिहासातलं दुसरं मोठं नाव ‘ब्रेड’ आणि त्याचा कर्ता जोनाथन ब्लो. काळ मागे फिरवण्याच्या खेळाची कल्पना पूर्णपणे त्याची. चित्रकार येण्याआधीच, कच्च्या चित्रांवर, या गेमला २००६मध्ये इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये कल्पकतेचा पुरस्कार मिळाला होता. पण २००८मध्ये लोकांच्या हातात जो गेम पडला, त्यातलं जलरंगासारखं ओलसर आभाळ, झाडाझुडपांतली उदासी, हे डेव्हिड हेलमन या चित्रकाराचं काम होतं. वेबवर कॉमिक करणाऱ्या या चित्रकाराला ब्लोनं स्वतःच्या खिशातले पैसे देऊन बोलावलं. गेमवर त्यानं जी पुंजी घातली तिचा मोठा हिस्सा याच चित्रांवर गेला. हेलमनचं नाव गेममध्ये आलं, चित्रं कशी घडत गेली यावर त्यानं स्वतः जाहीरपणे लिहिलं, आणि २०२४मध्ये नवी आवृत्ती निघाली तेव्हा चित्रं पुन्हा रंगवण्याच्या कामात तोच होता. त्यामुळे ब्लोचं निर्मातेपण कुठे कमी झालं? एककल्ली म्हणावा इतका आग्रही असलेल्या या माणसाला चित्रकाराचं नाव घेताना आपलं स्वातंत्र्य धोक्यात आल्यासारखं वाटलं नाही.

२०१८च्या ‘सेलेस्ट’ची चित्रं ब्राझीलच्या साओ पावलोतल्या पेद्रो मेदेइरोस आणि अमोरा बेत्तानी यांची. त्या गेमबद्दल बोलताना त्यांची नावं घेतली जातात, आणि मेदेइरोसकडून तर जगभरातली मुलं पिक्सेल आर्ट शिकली. स्वतंत्र गेमच्या जगातली चांगली उदाहरणं आपल्या समोर आहेत, आणि ती नाव देणाऱ्यांची आहेत.

आता जरा खोलवरचा आक्षेप घेऊ. म्हणतात, सांगून करून घेतलेलं काम ही कारागिरी असते. तिच्यात स्वातंत्र्य नसतं, म्हणून तिच्यात कलाही नसते. हे मराठी माणसानं म्हणावं याचं मला विशेष दुःख होतं. मराठी घरांत चित्रकला शिरली ती प्रदर्शनांतून फार थोडी, आणि मुखपृष्ठांवरून, कॅलेंडरांवरून, दिवाळी अंकांतून खूप मोठ्या प्रमाणात. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी प्रकाशकांच्या मागणीवरून मुखपृष्ठांमागून मुखपृष्ठं केली. पुस्तक दुसऱ्याचं, कथा दुसऱ्याची, आकार ठरलेला, तारीख ठरलेली. कोपऱ्यात सही मात्र दलालांची. पुढे १९४५मध्ये त्यांनी स्वतःचा ‘दीपावली’ अंक सुरू केला. मागणीचं काम आणि स्वतःचं काम ही दोन्ही एकाच हाताची होती आणि दोन्हींचा मान एकच होता. रघुवीर मुळगावकरांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना मुखपृष्ठं दिली, ती पाहून लोकांनी पुस्तकं उचलली. राजा रविवर्म्यानं बडोद्याच्या राजवाड्यासाठी केलेली पौराणिक चित्रंही मागणीवरूनच झाली. ही सगळी कामं मोबदला घेऊन केलेली. यांपैकी कुणाला कलावंत म्हणायचं नाही?

सांगून दिलेली चौकट आणि दाबून टाकलेला माणूस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेमसाठी काढताना चौकट घट्ट असते. कॅमेरा वरून आहे, पात्र पडद्यावर बत्तीस पिक्सेल उंच आहे, रंग आठच वापरायचे आहेत, चालीला सहा फ्रेम आहेत. त्या सहा फ्रेममध्ये म्हातारीचा गुडघा दुखतोय हे दाखवायचं असतं. मला मिळतं ते एक वाक्य: दुकान चालवणारी म्हातारी, कुणावर विश्वास नाही. ती डोक्यावरून पदर घेते की केसांचा घट्ट अंबाडा घालते, गल्ल्यावर हात ठेवून उभी राहते की दाराकडे पाठ करून, किल्ल्यांचा जुडगा कंबरेला की मुठीत, हे मी ठरवते. पुष्कळदा पुढचं असं घडतं, की लेखक माझ्या चित्राकडे बघत तिचे संवाद लिहितो आणि प्रोग्रॅमर तिच्या चालीवरून दुकानातली वाट थोडी रुंद करतो. कल्पना कुणाची आणि हात कुणाचे, ही सीमारेषा कामाच्या टेबलावर सापडत नाही. ती नंतर, श्रेय वाटायची वेळ आली, की आखली जाते.

एक गोष्ट मी मोकळेपणानं मान्य करते. शेवटचा शब्द निर्मात्याचाच असला पाहिजे. म्हातारी काढूनच टाकायची ठरली, तर ती जाईल. माझं चित्र सुंदर असूनही गेममध्ये बसत नसेल, तर ते बाद होईल. नकाराधिकार मी मागत नाही आणि कुठलाही शहाणा कंत्राटी चित्रकार तो मागणार नाही. निर्णयाचा अधिकार एकाकडे असणं आणि बाकीच्यांनी अस्तित्वच पुसून घेणं, यांची सांगड मात्र बळजबरीनं घातलेली आहे. दिग्दर्शकाचा शब्द शेवटचा असतो म्हणून छायालेखकाचं नाव श्रेयनामावलीतून कुणी काढत नाही.

आता जोखमीचा मुद्दा. निर्मात्याची जोखीम खरी असते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं ‘राजी’ या गेमसाठी २०१७मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, ती पुरी पडली नाही. संस्थापकांपैकी एकानं काम चालू राहावं म्हणून स्वतःचं घर विकलं. २०२०मध्ये तो गेम आला आणि द गेम अवॉर्ड्सच्या पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. पहाडी चित्रशैलीशी नातं सांगणाऱ्या भिंती, छायाबाहुल्यांसारखी दृश्यं, हे सगळं एका पुणेरी चमूनं जगासमोर ठेवलं. अशा धैर्यापुढे मी मान झुकवते.

पण जोखीम एकट्याचीच असते हे खरं नाही. पैसे नसलेला निर्माता चित्रकाराला बहुतेक वेळा विक्रीतला वाटा देऊ करतो. त्याचा हिशोब मांडून पाहा. गेमची किंमत ५०० रुपये धरा, त्यातच १८ टक्के जीएसटी आला. कर वजा जाता उरले सुमारे ४२४. गेम विकणारं स्टीम हे ऑनलाइन दुकान नेहमीच्या दरानं ३० टक्के घेतं, उरले २९७. चित्रकाराला दहा टक्के कबूल केले असतील, तर एका प्रतीमागे तिच्या हाती पडतात तीस रुपयांहून थोडे कमी. दोन महिन्यांच्या कामाचे एक लाख रुपये वसूल व्हायला पूर्ण किमतीच्या ३,३००हून जास्त प्रती खपायला हव्यात. गेम अर्ध्या किमतीच्या सेलमध्ये गेला, की हा आकडा दुप्पट होतो. मध्ये पब्लिशर असला आणि त्यानं आगाऊ रक्कम दिलेली असली, तर आधी त्याची वसुली होते. आणि हे सारं गेम पूर्ण झाला तर. ‘राजी’सारख्या धडपडीलाही लोकवर्गणीपासून प्रकाशनापर्यंत तीन वर्षं लागली. वाटा स्वीकारणारी चित्रकार त्या गेममध्ये स्वतःचे महिने गुंतवते. मग ती गुंतवणूकदारच झाली. जोखमीमुळे हक्क मिळतो असं म्हणायचं असेल, तर तोच हक्क तिलाही द्या.

रोख पैशांवर काम करणारीही सुरक्षित नसते. काम मध्येच थांबतं आणि शेवटचा हप्ता बुडतो. गोपनीयतेच्या कलमामुळे केलेलं काम पोर्टफोलिओत दाखवता येत नाही, म्हणून पुढचं काम मिळत नाही. माझी काही चित्रं आज एका गेमच्या विक्रीच्या पानावर झळकत आहेत आणि त्या गेमच्या नामावलीत माझं नाव कुठेही नाही. ती माझी आहेत असं मी जाहीर सांगूही शकत नाही, कारण तसं लिहून दिलं आहे. हे दुःख माझ्या एकटीचं नाही. १९९७मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या ध्रुवा इंटरॲक्टिव्हपासून आजपर्यंत या देशातल्या कलाकारांनी परदेशी गेमसाठी गाड्या, शहरं, शस्त्रं घडवली; ते गेम खेळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यांचा पत्ता आहे. मोठ्या कंपन्यांचा हा रिवाज बदलेल अशी आशा होती ती स्वतंत्र निर्मात्यांकडूनच. तेच तो रिवाज उचलू लागले तर जायचं कुणाकडे?

‘पैसे दिले, विषय संपला’ हे कायद्यालाही पूर्णपणे मान्य नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ निर्मात्याच्या बाजूचं आहे हे मी लपवत नाही: मोबदला देऊन पेंटिंग किंवा व्यक्तिचित्र करून घेतलं आणि उलट करार नसला, तर करून घेणारा पहिला मालक ठरतो, नोकरीत केलेल्या कामाचा मालक नोकरी देणारा ठरतो. पण कलम ५७ सांगतं, की हक्क दुसऱ्याला दिल्यानंतरही आपण कर्ते आहोत असं म्हणण्याचा आणि कर्त्याचं नाव घालवणारी कामाची मोडतोड रोखण्याचा कर्त्याचा अधिकार उरतो. अमरनाथ सहगल यांचं प्रकरण याच कलमाचं. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी सरकारनं त्यांच्याकडून ब्राँझचं प्रचंड भित्तिशिल्प करून घेतलं होतं. १९७९मध्ये ते उतरवून गोदामात टाकलं गेलं. सहगल न्यायालयात गेले. २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं उरलेले भाग त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. काम सरकारी, पैसे सरकारी, तरीही कर्ता उरला.

कलम १९ तर निर्मात्यांनीच भिंतीवर लावून ठेवावं. कर्त्याकडून हक्क घ्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी घ्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरते. ॲनिमेशन, त्रिमितीय मॉडेल, लोगो यांपैकी काय कुठल्या कलमात बसतं यावर वाद होऊ शकतो, आणि जगभर विकायच्या गेमवर असा वाद कुणालाच परवडत नाही. उद्या पब्लिशर विचारेल, की या चित्रांचे हक्क तुमच्याकडे असल्याचा कागद दाखवा. तोंडी बोलीवर काम करून घेणारा निर्माता चित्रकाराला बांधून ठेवतोय असं समजतो. प्रत्यक्षात तो स्वतःचाच गेम अधांतरी ठेवत असतो.

जोखीम आमची, हाच दाखला एकदा चित्रपट निर्मात्यांनीही दिला होता. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टी द्यावी लागली तर धंदा बुडेल, असं सांगितलं जात होतं. जावेद अख्तरांनी राज्यसभेत तो प्रश्न लावून धरला, २०१२मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आणि चित्रपटाबाहेर गाणं वापरलं जातं तेव्हाच्या रॉयल्टीतला वाटा करारानंही काढून घेता येणार नाही असं ठरलं. हिंदी चित्रपट बंद पडले नाहीत. गेमच्या चित्रकारांना असं संरक्षण अजून नाही. म्हणून तर करार नीट असण्याची गरज त्यांना जास्त आहे.

विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा मी मुद्दाम शेवटी घेते. ते म्हणतात, एवढ्या अटी घातल्या तर लहान गेम होणारच नाहीत. तिघांचा चमू कागदपत्रं करत बसेल की गेम करेल? या प्रश्नात तथ्य आहे. गुजरातेत चाला इथून काम करणाऱ्या स्टुडिओ ओलिओमिंगसच्या गेमसारखे छोटे, विलक्षण, बाजाराला न जुमानणारे गेम व्हायलाच हवेत, आणि ते मोठ्या भांडवलावर होत नाहीत. पण मी मागते त्यातलं महाग काय आहे? नामावलीत नाव द्यायला पैसे लागत नाहीत. गेम प्रसिद्ध झाल्यावर चित्रं पोर्टफोलिओत दाखवू द्यायला पैसे लागत नाहीत. किती वेळा दुरुस्त्या करायच्या हे आधी ठरवल्यानं निर्मात्याचाच वेळ वाचतो. केलेली चित्रं एआयला शिकवण्यासाठी वापरायची की नाही, हे एका ओळीत लिहून होतं. खर्च आहे तो फक्त मोबदल्याचा, आणि तो झेपत नसेल तर उपाय एकच: गेम लहान करा. चाळीस पात्रांच्या जागी आठ ठेवा. उरलेली बत्तीस कुणाच्या तरी फुकटच्या रात्रींमधून काढून घेणं हा सर्जनाचा मार्ग नव्हे, ती वेठबिगारी आहे.

आणि ज्यांना वाटतं, की स्वतःचा गेम केला की स्वातंत्र्य आपोआप मिळतं, त्यांनी ‘डिस्को एलिसियम’कडे बघावं. २०१९च्या या गेमची तैलरंगी दृश्यं, त्याची भाषा, त्याचं अख्खं जग ज्यांनी रचलं, त्यांत रॉबर्ट कुर्विट्झ आणि चित्रकार अलेक्सांडर रोस्तोव हे आघाडीवर होते. ते दोघेही झाउम या कंपनीत होते, आणि २०२१च्या अखेरीस ते तिच्यातून बाहेर पडल्याचं जगाला २०२२मध्ये कळलं. गेम कंपनीकडे राहिला. म्हणजे निर्मात्याचं स्वातंत्र्यही शेवटी कागदावर काय लिहिलं आहे त्यावरच टिकतं. जो निर्माता स्वतःच्या चित्रकाराशी कागद करायला कचरतो, तो उद्या पब्लिशरसमोर, गुंतवणूकदारासमोर स्वतःसाठी कोणत्या तोंडानं न्याय मागणार? तेव्हा त्याच्या बाजूला उभं कोण राहणार?

म्हणून माझं सांगणं दोघांना आहे. चित्रकारांनो, कामाला हात घालण्याआधी काही रक्कम आगाऊ घ्या, उरलेली टप्प्याटप्प्यानं. काम थांबलं तर किती मिळणार हे लिहून घ्या. लघुउद्योगांची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी करा. ती असली, की एमएसएमई कायद्यानं देशातल्या खरेदीदाराला काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. ग्राहक परदेशी असला तर हा कायदा हाताशी येणार नाही, तिथे आगाऊ रक्कम हाच आधार. आणि नाव मागायला लाजू नका. ते मागणं उद्धटपणा नाही.

निर्मात्यांनो, तुम्ही मोठ्या कंपन्या सोडल्यात त्या तिथे तुमचं ऐकलं जात नव्हतं म्हणून, तुमचं काम दुसऱ्याच्या नावानं जात होतं म्हणून. ते कारण विसरू नका. तुमच्या गेममध्ये शेवटचा शब्द तुमचाच राहू द्या. आमचं नाव, आमचा मोबदला आणि चौकटीच्या आत विचार करायची मोकळीक आमची राहू द्या. या तीन गोष्टी लिहून देणाऱ्या निर्मात्याबरोबर मी कमी पैशांतही काम करीन, आजवर केलंही आहे. त्या लिहून द्यायला जो तयार नाही त्यानं आपल्या गेमला खुशाल स्वतंत्र म्हणावं, पण त्या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्याकडून वसूल करू नये.